गलांड्याचा सोलो

भिकन विधातेला आम्ही शाळेत गलांडा म्हणायचो. गलांडा म्हणजे ते तांबडं-पिवळं फूल, फुलबाजारात सगळ्यात स्वस्त. हाराला भर म्हणून घालतात, पण कुणी केसात माळत नाही आणि हौसेने कुणाला देत नाही. हे नाव मी ठेवलं होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको.

भिकनच्या घरची नाशिकजवळ मखमलाबादला दीड एकर फुलशेती होती. वडील सावळीराम, आई सिंधुबाई. आधीची दोन मुलं दगावली म्हणून तिसऱ्याचं नाव भिकन ठेवलं, म्हणजे देवाकडून भीक मागून आणलेला. सावळीराम दर रविवारी सकाळी आमच्या शाळेच्या चर्चमध्ये फुलं पोचवायचे. त्यांनी कधी तरी हात जोडून विचारलं असणार, कारण फादरनी पोराला पाचवीत घेतलं आणि फी माफ केली. तो वर्गात आला तेव्हा डोक्याला तेल चोपडलेलं, दप्तराला शेवंतीचा वास आणि पायात स्लिपर. मुतायला जाऊ का, एवढं इंग्रजीत विचारायला शिकेपर्यंत त्याचं एक वर्ष गेलं. त्या वर्षात व्हायचं ते दोनदा झालं आणि दोन्ही वेळा आम्ही बाकं बडवून हसलो.

आमच्या टोळीचा म्होरक्या राज. कॉलेज रोडला बंगला, वडिलांची औषधांची एजन्सी आणि एक मामा बहारीनला. हा मामा दर दिवाळीला कॅसेट घेऊन यायचा. आमच्या घरात भावगीतं, रिक्षात हिंदी गाणी आणि राजच्या खोलीत हार्ड रॉक, अशी तेव्हा नाशिकची वाटणी होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला टेप बिघडलाय असं वाटलं होतं. आठ दिवसांनी दुसरं काही ऐकवेना. कॅसेटच्या कव्हरवरची लांब केसांची, चामड्याची जाकिटं घातलेली माणसं आमच्याकडे अशी बघायची, की आपण अजून आईच्या हातचा डबा नेतो याची लाज वाटावी. शब्द कळत नव्हते. कळायची गरजही नव्हती. कुणावर तरी भडकायचं वय होतं आणि भडकायला कुणी मिळत नव्हतं, ती सोय त्या गिटारींनी केली. गुंतलेली टेप पेन्सिलीने गुंडाळत, टेपच्या हेडला कोलन वॉटर लावत आम्ही दोन वर्षं त्या खोलीत काढली. आज त्या दिवसांबद्दल बोलताना आमच्या बॅचची टक्कल पडलेली माणसं डोळे पुसतात. मीही पुसतो. अंगात तेव्हा जे होतं त्यातलं काही उरलेलं नाही, म्हणून वाईट वाटतं. तेव्हा आम्ही कसे वागलो ते मात्र कुणी काढत नाही.

भिकन आमच्यात शिरला तो गुलाबांमुळे. राजला वर्गातल्या एका मुलीला गुलाब द्यायचे होते. भिकनने वर्तमानपत्रात गुंडाळून बारा आणले, काटे काढून. बदल्यात काय हवं विचारलं, तर म्हणाला, "ती गाणी आयकायचीत."

राजच्या आईने त्याचे पाय बघितले आणि म्हणाली, "त्याला बाहेरच बसव रे, गालिचा नवीन आहे." तर तो बाहेर बसला. खिडकीखाली एक पायरी होती, तिच्यावर. पुढचं दीड वर्ष दर शनिवारी शाळा सुटल्यावर तो त्या पायरीवर असायचा आणि राजसाठी गुलाब यायचे. खिडकी उघडी ठेवायची एवढी मेहरबानी आम्ही करत होतो. आत पंखा लावला की बाहेर नीट ऐकू जायचं नाही, मग तो उठून गजाला कान लावून उभा राहायचा. आम्ही मुद्दाम पंखा वाढवायचो.

एक गाणं आम्हा सगळ्यांचं जीव की प्राण होतं. आम्ही त्याला 'आठ मिनिटवालं' म्हणायचो, कारण ते आठ मिनिटं चालायचं. त्यातली शेवटची अडीच मिनिटं सोलो, म्हणजे गाणारा गप्प होतो आणि गिटारवाला एकटा वाजवतो. तो सोलो सुरू झाला की खोलीत कुणी बोलत नसे. राजकडे खरी इलेक्ट्रिक गिटार होती, मामानेच आणलेली. दोन वर्षं ती गळ्यात अडकवून तो आरशासमोर उभा राहत होता. त्या सोलोतले पहिले चार सूरसुद्धा त्याला कधी धड काढता आले नाहीत.

दहावीच्या दिवाळीनंतर एका शनिवारी भिकन पोत्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. त्याचा चुलता झिपरूनाना मखमलाबादला बँजो पार्टी चालवायचा. वरातीत हातगाडीवर भोंगे लावून जी पार्टी वाजवते ती. तिच्यातला बँजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. भिकनने पायरीवर बसून तो मांडीवर घेतला, सोबत आणलेल्या भोंग्याच्या मशीनला वायर जोडली आणि आठ मिनिटवाल्याचा सोलो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला.

नानाचं मशीन जुनाट होतं आणि भोंगा फाटलेला, त्यामुळे आवाज चिरफाळूनच बाहेर यायचा. नेमका तसाच आवाज कॅसेटमधला गिटारवाला काढत होता. एक सूर इकडचा तिकडे नव्हता. मी खिडकीत उभा होतो आणि माझ्या हातावर काटा आला. त्याच क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. आम्ही आत गालिच्यावर बसून दोन वर्षं ऐकलं आणि आम्हाला जमलं नाही. हा पायरीवर बसून शिकला.

राजने गळ्यातली गिटार काढून पलंगावर ठेवली. मग म्हणाला, "मस्त आहे. पण हे स्टेजवर नाही चालणार. बँजो बघितला की लोकांना वरात आठवते. हसतील."

"हसतीलच," भिकन म्हणाला. त्याला ते पटलंही.

दोन महिन्यांनी, १९९४च्या जानेवारीत, शाळेचं गॅदरिंग होतं आणि आमच्या बँडचं नाव देऊन झालं होतं. राज गिटारवर, मी गायला, आणि ड्रमवर वर्गातला एक पारशी मुलगा. मग राजनेच ती युक्ती काढली. स्टेजच्या मागच्या पडद्याआड खेळाचं सामान ठेवायची एक खोली होती. भिकनने तिथे बसून वाजवायचं, वायर हॉलच्या मशीनला जोडायची आणि राजने पुढे गिटार घेऊन नुसतं अंग घुसळायचं. भिकनला आतून काही दिसणार नव्हतं. स्टेज तेव्हा फळ्यांचं होतं, म्हणून खुणा ठरल्या. मी पायाने एक ठोका दिला की सुरू, तीन ठोके दिले की बंद.

"म्हंजे मी बँडमधी हाय ना?" भिकनने विचारलं.

"अर्थात," राज म्हणाला.

गॅदरिंगला काय झालं ते त्या बॅचच्या कुणालाही विचारा. पोरं खुर्च्यांवर चढली. मी बेसूर गायलो, ते कुणाला आठवत नाही. राज गुडघ्यावर बसून, डोळे मिटून, मान मागे टाकून तो सोलो 'वाजवत' होता आणि गुलाबवाली मुलगी रडत होती. मी तीन ठोके दिले, आवाज थांबला, राज वाकला. त्यानंतर दहावी संपेपर्यंत राज शाळेचा राजा होता. कार्यक्रम संपल्यावर आम्ही सगळे त्याच्या घरी केक खायला गेलो. भिकनला खोलीतून बाहेर बोलवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. शिपायाने झाडायला बाहेरची कडी काढली तेव्हा तो बाहेर आला. सोमवारी शाळेत भेटला तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. म्हणाला, "काय टाळ्या पडल्या रे आपल्याला." आणि गॅदरिंगचा एक फोटो मागितला. मी दिला. त्यात राज होता, मी होतो, ड्रमवाला होता आणि मागे निळा पडदा.

पुढे ज्याचं त्याचं झालं. राज पुण्याला इंजिनिअर झाला, मग दुबईला गेला. मी बी.कॉम. करून नाशिकरोडला टाइल्सचं दुकान टाकलं. भिकन दहावीला इंग्रजीत नापास झाला. फादर बदलून गेले होते, नव्यांना फुलं बाजारातून घेणं सोयीचं होतं. तो झिपरूनानाच्या पार्टीत कायमचा लागला आणि नाना थकल्यावर पार्टी त्याचीच झाली.

२००३ साली राजच्या लग्नात वरातीला तीच पार्टी आली. कुणी मुद्दाम ठरवली नव्हती, मांडववाल्याने आणली. राज घोड्यावर बसलेला, हातगाडीवर भोंगे, आणि पुढे भिकन गळ्यात पट्टा अडकवून बँजो वाजवतोय. त्याने राजकडे बघून हात केला. राजने फेटा सारखा केला. थोडं पुढे गेल्यावर भिकनने मध्येच आठ मिनिटवाल्याचा सोलो सुरू केला. ती त्याची भेट होती, हे मला कळलं, राजलाही कळलं असणार. राजचा काका ओरडला, "अरे हे काय केकाटतंय? नाचायचं काहीतरी लाव." भिकनने लगेच नाचायचं लावलं. कार्यालयाच्या दारात पोरं पाऊण तास नाचत होती. त्याच्या बोटातून रक्त येऊन बटणं लाल झाली होती. मी म्हटलं, "थांब की दोन मिनिटं."

"नाय," तो म्हणाला. "नवरदेव घोड्यावरनं उतरत नाय, नायतर कुनी हात करत नाय, तवर वाद्य थांबवायचं नाय. नानानी हेच शिकवलंय. मधी थांबलं का लग्नाला लागतं."

हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं.

२००९च्या एप्रिलमध्ये राजचा दुबईहून फोन आला. दहावीला पंधरा वर्षं झाली म्हणून मे महिन्यात बॅचचं संमेलन ठरलं होतं, शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकराला. सगळ्यांनी एकच धोशा लावला होता, की बँडने आठ मिनिटवालं वाजवलंच पाहिजे. राजच्या बायकोने तर नवा कॅमेरा घेतला होता. सहा वर्षं तिने नवऱ्याच्या त्या सोलोची गोष्ट ऐकली होती.

"गलांडा अजून वाजवतो ना?" राजने विचारलं. "बघ जरा. तेच सेटिंग करू."

मी मखमलाबादला गेलो. फुलांच्या निम्म्या जमिनीवर आता बिल्डिंग उभी होती. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. भिकनची बायको मैना हार ओवत बसली होती. भिकनने मला बघून उठून लुंगी सारखी केली आणि "ज्ञानेशभाऊ" म्हणाला. शाळेत मी त्याला ज्ञान्या होतो. भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत एका फ्रेममध्ये तो फोटो होता. राज, मी, ड्रमवाला आणि निळा पडदा.

त्याची दहा वर्षांची मुलगी निकिता अभ्यास करत होती. तिने मान वर करून विचारलं, "पप्पा, हे फोटोतले का?"

"हां, हे गाणारे," भिकन म्हणाला. मग उठून फोटोतल्या पडद्यावर बोट ठेवलं. "आन हितं मागं मी."

"पडद्यामागं कुनी बी आसंल," निकिता म्हणाली आणि परत वहीत बघायला लागली. भिकन हसला, पण ते त्याला लागलं होतं. शाळेत तिला 'वरातवाल्याची' म्हणून चिडवत होते. बापाने तिला सांगितलं होतं, की आपण इंग्लिश शाळेच्या रॉक बँडमध्ये वाजवायचो. ते तिने वर्गात सांगितलं आणि मग जास्तच चिडवलं गेलं. मैनाने हे सगळं मला तिथेच सांगून टाकलं.

मी काम सांगितलं. तो ऐकत राहिला. मला वाटलं होतं, हा आता तरी शिव्या घालेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

"ज्ञानेशभाऊ, वाजवतो," तो म्हणाला. "पन एक करा. वाजवून झालं का मागचा पडदा सरकवायचा आन माझं नाव घ्यायचं. बास. जास्ती काय नाय. पोरगी म्होरं बसलेली आसंल."

मी बाहेर येऊन राजला फोन लावला. राज हसला. म्हणाला, "वेडा आहे का? माझी बायको पुढे बसणार. तू हो म्हण रे, वेळेवर बघू." मी आत जाऊन हो म्हणालो. "शंभर टक्के," असंही म्हणालो. पोरीच्या डोक्यावर हातही ठेवला.

त्या रविवारी भिकनकडे निफाडच्या लग्नाची सुपारी होती. घेतलेली सुपारी बँजोवाले परत करत नाहीत. घरात मयत झालं तरच, एरवी नाही. त्याने ती परत केली. झिपरूनानाने अंथरुणावरून त्याला सांगितलं, की आजपासून माझं तोंड बघू नकोस. हे मला त्या दिवशी सकाळी कळलं, त्यानेच हसत सांगितलं.

ती खेळाच्या सामानाची खोली तशीच होती. खिडकी नाही, वर पत्रे, बाहेर मे महिना. एक बल्ब आणि एक टेबल फॅन. बँजोचं भाड्याचं मशीन मी खोलीतच लावून घेतलं होतं, फॅनचा आवाज त्यात येतो म्हणून भिकनने तो बंद केला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, भांग पाडलेला. खोलीतून स्टेजकडे उघडणाऱ्या दाराला आतून कडी नव्हती, बाहेरून होती. कुणी चुकून आत येऊ नये म्हणून मी ती लावली.

हॉलमध्ये मैना आणि निकिता पहिल्या रांगेत कडेला बसल्या होत्या. मैनाने लग्नातली जरीची साडी नेसली होती. राजच्या बायकोने तिला विचारलं, "बाई, पाण्याचे ग्लास कुठे ठेवलेत?" मैनाने उठून आणून दिले. निकिताचे डोळे निळ्या पडद्यावर होते. पडदा नवा होता, रंग तोच.

आम्ही सुरू केलं. मी पूर्वीइतकाच बेसूर गायलो. सोलोची वेळ आली तशी मी टाच आपटली, पण ठोक्याचा आवाज आला नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. फळ्या दोन वर्षांपूर्वीच काढल्या होत्या, आता स्टेजला ग्रॅनाइट होतं. ते माझ्याच दुकानातून गेलं होतं आणि कोपऱ्यातल्या दगडावर देणगीदार म्हणून माझं नावही होतं. तरी भिकनने बरोबर जागेवर उचललं. त्याला ठोका लागलाच नाही, गाणं पाठ होतं.

राज गुडघ्यावर गेला. पोट सुटल्यामुळे जरा सांभाळून. हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या, माणसं मोबाइल वर धरून उभी राहिली. राजची बायको कॅमेरा डोळ्याला लावून रडत होती. अडीच मिनिटं झाली, शेवटचा लांब सूर आला. मी तीन वेळा पाय आपटला. राज उठला, गिटार खाली घेतली आणि लवून नमस्कार केला.

बँजो थांबला नाही.

नवरदेव घोड्यावरून उतरला नव्हता, कुणी हात केला नव्हता. तो वाजवत राहिला. शेवटच्या सुरावरून त्याने पुढे काहीतरी स्वतःचं उचललं, जे कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हतं. मी पुन्हा पाय आपटला, नडगीपर्यंत कळ आली, दगड मुका. आणि खरं सांगतो, त्या अर्ध्या मिनिटात जे ऐकलं तसं मी आजवर ऐकलेलं नाही. पंधरा वर्षं वरातींत 'काय केकाटतंय' म्हणून जे जे दाबलं गेलं होतं ते सगळं तो एका दमात बाहेर काढत होता. माझ्या हातावर पुन्हा काटा आला. मला तेव्हा एक पाऊल मागे जाऊन पडद्याची दोरी ओढायची होती. दोरी माझ्या उजव्या हाताला होती.

राज वाकलेला, दोन्ही हात जोडलेले, आणि त्याच्या पाठीमागून सोलो चालूच. पहिल्यांदा मागच्या रांगेत कुणीतरी खिंकाळलं. राजची बायको कॅमेऱ्यामागून त्याच्या मोकळ्या हातांकडे बघत होती. राज सावरला. तो लहानपणापासूनच सावरण्यात पटाईत. माइक घेऊन म्हणाला, "सॉरी, सॉरी. म्हातारपण आलं, म्हणून आज टेप लावली होती. तीपण साली अडकली." आणि माझ्याकडे बघून, "अरे, बंद कर तो टेप."

हॉल फुटला. माणसं पोट धरून हसली. निकिताही हसली. सगळे हसतात तेव्हा दहा वर्षांचं पोर हसतंच. मग तिचं हसू मधेच थांबलं आणि ती पडद्याकडे बघत राहिली.

मी मागे धावलो. दाराबाहेरच्या बोर्डावर त्या खोलीचं मेन बटण होतं. मी ते खाली ओढलं, सोलो मध्येच तुटला. पुढे टाळ्या पडत होत्या, राजने तेवढ्यात दुसरा विनोद केला होता.

कडी काढून आत गेलो. अंधारात घामाचा वास होता.

"लाइट गेली का?" भिकनने विचारलं.

मी काहीच ठरवलं नव्हतं. त्यानेच रस्ता दिला. "हो रे," मी म्हणालो. "लोडशेडिंग. हॉल जनरेटरवर आहे, ही खोली नाही."

"जनरेटरचा आवाज नाय आला."

"आता बिनआवाजाचे असतात."

"आन पडदा?"

"लाइट आली की सरकवू. राज म्हणालाय, पूर्ण सोलो पुन्हा घेऊ."

"मंग बसतो हितंच," तो म्हणाला. "आल्या आल्या सुरू करतो."

मी दार लोटून घेतलं. बाहेर जेवणाच्या पंगती बसल्या, आम्रखंड होतं, मी दोन वाट्या खाल्लं. मला वाईट वाटत होतं असं लिहिलं, तर माझं मलाच बरं वाटेल, म्हणून लिहीत नाही. मला भीती वाटत होती, की तो बाहेर येईल आणि राज माझ्यावर चिडेल. पाऊण तासाने तो आला. शर्ट अंगाला चिकटलेला, बँजो पोत्यात गुंडाळलेला. त्याने वर फिरणाऱ्या पंख्यांकडे बघितलं, राजला लांबूनच हात केला आणि कुणी जेवायला म्हणायच्या आत गेटकडे निघाला. मी मागोमाग गेलो. मैना झाडाखाली चपला घालत होती. भिकन गाडी काढायला गेला तेव्हा निकिता माझ्याजवळ आली.

"काका, टेप कुठं व्हता?"

"मागे," मी म्हणालो.

"मागं तर पप्पा व्हते."

 तेवढ्यात भिकन गाडी घेऊन आला. बँजो पोरीच्या हातात देत म्हणाला, "ऐन टायमाला लाइट गेली बघ. नायतर पडदा सरकवनार व्हते, नाव घेनार व्हते. ज्ञानेशभाऊंनी शब्द दिला व्हता. हॉलमधी बी गेली आसंल ना आधी, जनरेटर सुरू व्हईपर्यंत?"

पोरगी सकाळपासून पंख्याखाली, दिव्यांखाली बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग बापाच्या ओल्या शर्टाकडे.

"हां पप्पा," ती म्हणाली. "गेली व्हती. लय येळ."

"मंग," भिकन म्हणाला, आणि माझ्याकडे वळून हसला. "म्होरल्या टायमाला जनरेटरची एक वायर मागं बी घ्या, ज्ञानेशभाऊ."